कावळखडकावरचा झरा

परमेश्वराच्या कृपेवर पूर्ण भरवसा ठेवून, १९५८ सालच्या वैशाखात, तीन माणसे देवबागेतून समुद्रातल्या कावळखडकाकडे निघाली. भरवसा पूर्णच ठेवावा लागला, कारण पाण्याची कळशी घरी राहिली होती.

निघाली होती तीही पाणीच शोधायला! गावातल्या विहिरी खारट झाल्या होत्या. प्यायचे पाणी खाडीपलीकडून होडीने येई, तेही आले तर. कावळखडकावर गोड्या पाण्याचा झरा आहे, असे म्हातारी माणसे सांगत. तो कोणी पाहिला नव्हता, त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती. होडी गंगाराम तांडेलाची, सुके बांगडे त्याचा मेहुणा बाबली याचे, आणि पाणी आणायचे जयराम मास्तरांनी.

होडी सुटली तेव्हा मास्तरांची बायको सावित्री कमरेवर कळशी घेऊन धावत किनाऱ्यावर आली आणि गप्प उभी राहिली. पाण्याला जाता जाता निरोप द्यायला वळली असेल, असे मास्तरांना वाटले. अठरा वर्षांच्या संसारात हे प्रथमच घडत होते. त्यांना भरून आले. त्यांनी हात हलवला.

दोन तासांनी बाबलीने बांगडा खाल्ला आणि विचारले, "मास्तरानू, कळशी खंय?"

तेव्हा मास्तरांना उमगले. दर्यावर निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत, अपशकुन होतो!

"बायल शाणी आसा तुमची," गंगाराम म्हणाला. "हाक मारल्यान असती तर आज कायतरी वायट झाला असता."

खडकाला होडी लावून तिघे वर चढले. तेवढ्यात मोठी लाट आली. नांगराचा दोर खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या धारेवर घासला. ताणला. तुटला! गंगारामाने उडी टाकली, पण लाटेने त्याला उचलून खडकावर आपटले. गुडघा फुटला. होडी वाऱ्याबरोबर निघून गेली!

मग झऱ्याचा शोध सुरू झाला, म्हणजे दुसरे करण्यासारखे काही नव्हते. तव्यासारखा तापलेला काळा दगड, त्यावर पाखरांची शीट, आणि चहूकडे नजर पोचेल तिथवर पाणी. संध्याकाळी एका कपारीत ओल दिसली. मास्तरांनी बोट बुडवून जिभेला लावले. खारट.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबली लाटेवर ओणवा झालेला दिसला. मास्तर धावले. त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली.

"ता पिलंस तर मरशीत रे!"

"नाय पिलंय तरी मरतलंय," बाबली शांतपणे म्हणाला. त्याची जीभ सुजली होती.

गंगाराम फुटक्या गुडघ्यावर उभा राहिला आणि त्याने हात जोडून गाऱ्हाणे घातले. "बा देवा रवळनाथा, तुझी लेकरां ह्या खडकार अडाकली आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"काय चूकभूल झाली असात ती पदरात घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमची होडी परत हाडून दी, म्हाराजा!"

पहिले दोन होकार मास्तरांनी सवयीने भरले. तिसरा त्यांनी ओरडूनच भरला. आपण हे मनापासून म्हणतो आहोत हे कळून ते जरा घाबरलेच.

देवाने काही केले नाही. तिघे कपारीतल्या वीतभर सावलीत पडून राहिले. बोलायचे त्राण नव्हते, रडायला पाणी नव्हते. ऊन कलले. आणि शीड दिसले!

गंगारामाचा भाऊ महादू दोन हंडे पाणी घेऊन आला होता. "तुमची होडी काल सांजेकच देवबागेत येवन लागली," तो म्हणाला. "रिकामी! गावात रडारड चालू आसा."

मास्तर पोटभर प्यायले आणि विचारात पडले. "पण गंगाराम, गाऱ्हाणं आपण आज घातलं. होडी काल पोचली!"

"मग? अर्ज येयपर्यंत वाट बघूक देव काय तुमचो हेडमास्तर आसा?"

मास्तरांनी आणखी एक तांब्या घेतला. झऱ्याचे नाव कोणी काढले नाही. देवबागेचा किनारा दिसायच्या आत दोन्ही हंडे रिकामे झाले. गावात त्या दिवशी गोडे पाणी तेवढेच होते.