अंधारातच उघडा

"हात काढा."

"नाही काढणार!"

कस्टमच्या गोदामात भरसकाळी असा संवाद आजवर कुणी ऐकला नव्हता. हमालांनी पाठीवरची ओझी खाली ठेवली आणि ते चक्क बघत उभे राहिले. एका खोक्यावर एक मुलगी दोन्ही पंजे पसरून उभी, आणि समोर कटर घेतलेले नवे साहेब. साहेबांना येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते, पण तेवढ्यात गोदामानं त्यांचं नाव पाडलं होतं... नियमसाहेब.

मुलीचं नावही असंच पाडलेलं. माल सोडवून देणारी मामाची छोटीशी एजन्सी होती, तिथं ती काम करायची. एका जागी म्हणून बसायची नाही, त्यामुळे मामा तिला भिंगरी म्हणायचा आणि मग सगळेच म्हणायला लागले. मामा सध्या पाय मोडून घरी पडला होता. पडल्या पडल्या त्यानं सांगून टाकलं होतं, "हा माल एकटीनं नीट सोडवलास तर माझं टेबल तुझं. नाहीतर मी शटर ओढतो बाई, आता माझ्याच्यानं धावपळ होत नाही." त्या टेबलासाठी भिंगरीनं चार वर्षं टाचा झिजवल्या होत्या. आणि हे साहेब कटर घेऊन!

"साहेब, ही एक्स-रेची कोरी फिल्म आहे. उजेड लागला की संपली! दवाखान्यात दोन दिवसांपुरतीच उरलीय, तिकडे माणसं मोडके हात घेऊन बसतील. लेबल वाचा की... 'अंधारातच उघडा'."

"लेबल काय, कुणीही चिकटवतं." साहेबांनी कागद पुढे केले. "बिलात लिहिलंय सपाट फिल्म. खोक्यांच्या यादीत लिहिलंय गुंडाळी. सपाटचा जकातीचा कोड वेगळा, गुंडाळीचा वेगळा. मला डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करता येत नाही."

"अहो, पण ही डोळ्यांनी बघायची वस्तूच नाही!"

साहेबांनी कागद खाली घेतले. कटर खिशात गेलं. मग त्यांनी डोकं खाजवलं आणि अगदी शाळकरी मुलासारखं विचारलं, "मग... बघायचं कसं?"

तिला हसू आवरेना. आत्तापर्यंत तिला त्यांचा चष्माच दिसला होता. चष्म्यामागचे डोळे बरे होते. बरे कसले, चांगलेच होते.

"हातांनी," ती म्हणाली.

तासाभरात नमुन्याचा एक डबा सील करून दोघं टेम्पोत बसले. साहेबांनी डबा मांडीवर घट्ट धरला होता. खड्डा आला की ते डब्याला सांभाळायचे आणि स्वतः मात्र तिच्यावर कलंडायचे.

"सॉरी हं."

"डबा ठीक आहे ना?"

"डबा ठीक आहे."

"मग झालं तर," असं म्हणून ती खिडकीबाहेर बघायला लागली. पुढचा खड्डा कधी येतो, हेच ती बघत होती... पण ते सांगायची गोष्ट नव्हे.

दवाखान्याच्या तळघरात डार्करूम होती आणि तिथं टेक्निशियनबाई. तीस वर्षं अंधारात काम केलेल्या, म्हणून सगळा दवाखाना त्यांना अंधारमावशी म्हणे.

"लाल दिवा कालच गेलाय," मावशींनी बजावलं. "मिट्ट काळोख असेल. उगाच भिंती चाचपू नका. एक फिल्म काढा, डब्याला झाकण लावा, फिल्म टेबलावर ठेवा. मी ती धुऊन देते. कोरी असेल तर काचेसारखी निघेल. आधी वापरलेली असेल तर काळी."

मावशी आतच, पलीकडच्या टाकीपाशी थांबल्या आणि दार बंद झालं. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. व्हिनेगरसारखा आंबट वास, कुठंतरी टप-टप पाणी, आणि शेजारी साहेबांचा श्वास.

"उघडला," साहेब कुजबुजले. "सपाट आहे... सगळी सपाट! कोपरे गोल आहेत."

"तुम्ही कुजबुजताय का? उजेड चालत नाही, आवाज चालतो."

"तुम्हीही कुजबुजताय."

खरंच की! तिनं झाकण लावलं, दोनदा दाबून बघितलं. फिल्म टेबलावर ठेवली आणि सरकू नये म्हणून वर पंजा ठेवला. तेवढ्यात तीच फिल्म चाचपत साहेबांचा हात आला... आणि तिच्या हातावर थांबला.

थांबला म्हणजे थांबलाच.

आता काढतील, ती मनात म्हणाली. मग म्हणाली, नाही काढला तर बरं. छातीत इतकं धडधडत होतं की मावशींना ऐकू जाईल असं वाटलं.

"झालं का रे?" मावशी ओरडल्या. साहेब दचकले, खांदा भिंतीवरच्या बटणावर आपटला आणि खटकन पांढरा दिवा लागला! त्यांनी लगेच विझवलाही, पण लागला.

"अगं बाई!" मावशींचा आवाज. "डबा?"

"बंद आहे, मावशी! झाकण लावलं होतं!"

"देवच पावला. आणा ती फिल्म इकडे."

धुऊन निघालेली ती फिल्म बाहेर उजेडात धरली आणि तिघंही तिच्यावर वाकले. काळीभोर फिल्म, आणि तिच्यात लख्ख स्वच्छ हातांचा आकार. खाली एक हात, वर एक हात. कुणाचे ते विचारायची सोय नव्हती.

मावशींनी चष्मा कपाळावर चढवला. "हाताखालची जागा स्वच्छ निघाली, म्हणजे तोवर फिल्म कोरीच होती. पुरावा भक्कम आहे हो, साहेब."

साहेब कानापर्यंत लाल झाले होते. "नमुना... फाईलला लावावा लागेल," एवढंच म्हणाले.

माल संध्याकाळच्या आत सुटला. मामानं टेबलाची किल्ली भाचीच्या हातात ठेवली. तरी ती रात्रभर आपल्याच बोटांचा आंबट वास घेत राहिली, वेडी!

चौथ्या दिवशी ती नवी फाईल घेऊन गेली, तर कारकुनानं तिला दुसऱ्या टेबलाकडे पिटाळलं. "तुमचं काम आता इकडे. साहेबांनी लिहूनच दिलंय, तुमच्या फायली नकोत म्हणून."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि आगीखाली कुठंतरी रडूही आलं. ती तरातरा साहेबांच्या टेबलाशी गेली.

"माझं काय चुकलं, साहेब? दिवा मी लावला नव्हता!"

साहेबांनी फाईल तिच्यापुढे सरकवली. वर ती काळी फिल्म, खाली त्यांच्या नेटक्या अक्षरातला शेरा:

'नमुना तपासला. फिल्म सपाट व कोरी आढळली. माल सोडावा. नमुन्यावर दिसणारा वरचा हात माझा आहे. तो प्रथम चुकून पडला, नंतर राहिला तो चुकून नाही. सबब, सदर एजंटचे काम यापुढे माझ्याकडे देऊ नये.'

तिनं दोनदा वाचलं. अक्षरं ओली दिसायला लागली.

"हे... वरच्या साहेबांनी वाचलं?"

"सही केलीय त्यांनी. हसले पण." साहेब टेबलाकडे बघत बोलत होते. "तुमच्या फायली माझ्याकडे येत राहिल्या तर... तुमच्या मामांकडे मी कुठल्या तोंडानं येऊ? माल सोडल्याची किंमत मागायला आलो म्हणतील लोक. मला तर... म्हणजे, तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. चालणार नाही खरं तर. पण—"

"पेन द्या."

"फाईलवर एजंटनं लिहायचं नसतं."

"नियम आहे?"

"नियम आहे," साहेब म्हणाले, आणि पेनाचं टोपण काढून त्यांनी पेन तिच्या हातात दिलं.

तिनं त्यांच्या शेऱ्याखाली लिहिलं:

'खालचा हात माझा. काढायला वेळ भरपूर होता. काढला नाही.'