खण मी नेला

शेजारच्या रंगूबाईंच्या घरी चोरी झाल्याचं कळलं, तेव्हा महिपत बायकोला अग्नी देऊन परतत होता. दारात फौजदार उभा होता. बरोबरच्या रतनला, म्हणजे महिपतच्या मेहुण्याला, वाटलं की समाचाराला आलेत.

कल्याणच्या मॅजिस्ट्रेटपुढे महिपतनं एवढंच सांगितलं, "खण मी नेला." कारकुनानं ते इंग्रजीत उतरवून घेतलं. रंगूबाईंच्या कपाटाचा अख्खा खण दागिन्यांसकट गेला होता. खटला ठाण्याला सेशनकडे गेला. रात्रीच्या घरफोडीला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा होती.

रतन ठाण्यात इनास परेरांकडे गेला. इनासबाब पंचवीस वर्षं कोर्टात दुभाषी होते. आता वकिलांना खरंखोटं शोधून देत.

"तुला तो चोर वाटतो?" त्यांनी विचारलं.

"त्यानंच कबूल केलंय ना."

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

"माझी बहीण शेवंती म्हणायची, हा दुसऱ्याच्या झाडाखालचा आंबासुद्धा उचलत नाही."

"तिला शेवटी काय नेसवलं होतं?"

रतनला प्रश्न विचित्र वाटला. "सवाष्ण गेली, म्हणून हिरवं लुगडं. ते तिचंच. ओटीत नारळ नि हिरवं चोळीचं कापड. कापड त्यानं कुठून आणलं कोण जाणे. घरात तर काहीच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी दोघं कल्याणला रंगूबाईंकडे गेले. मागच्या मातीच्या भिंतीला पाडलेलं भगदाड अजून तसंच होतं.

त्यांचा पुतण्या मारुती म्हणाला, "मी एकटाच होतो घरात. सकाळी उठलो तर हे. दाराला आतून कडी. चोर इथूनच आला नि इथूनच गेला. रात्री महिपत ओसरीवर दिसला होता, ते मी फौजदाराला सांगितलं."

इनासबाबांनी काठीनं भगदाड मापलं. एक हात. मग कपाटातली रिकामी जागा मापली. दोन हात लांब, दीड हात रुंद.

रंगूबाई म्हणाल्या, "मी दोन दिवस लेकीकडे ठाण्याला होते. खणाच्या किल्ल्या दोनच. एक माझ्या कमरेला, एक मारुतीकडे. ओसरीच्या कोनाड्यातलं हिरवं चोळीचं कापडही गेलंय. पण त्याचं काय एवढं."

मोलकरीण सखुबाई परसात भांडी घासत होती. "त्या दिवशी मारुतीरावांनी कडी काढली तेव्हा न्हाणीत पाणी तापलेलं. म्हटलं, सूर्य पश्चिमेला उगवला. एरवी यांना उठवायलाच ढोल लागतो."

"चुलीतली राख कुठे टाकतेस?"

"त्या खड्ड्यात."

इनासबाबांनी रतनला खड्डा उकरायला लावला. बऱ्याच वेळानं काळंठिक्कर पडलेलं खणाचं कुलूप हाती लागलं. जिभली आत ओढलेली. कुठे वाकलेलं नाही, फुटलेलं नाही.

त्यांनी सगळ्यांना माजघरात बसवलं.

"दीड हाताचा खण एका हाताच्या भोकातून जात नाही. दाराला आतून कडी होती. म्हणजे खण घराबाहेर गेलाच नाही. चुलीत गेला. किल्लीनं उघडलेलं धड कुलूप फौजदाराला दिसलं असतं, तर त्यानं पहिल्यांदा विचारलं असतं की किल्ली कुणाकडे होती. बाईंची किल्ली ठाण्याला होती."

दागिने कुठे आहेत असं रंगूबाईंनी विचारलं, तेव्हा मारुतीनं आपली किल्ली काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"मग महिपतनं कबूल कशाला केलं?" रतन म्हणाला.

"ओटीतल्या त्या कापडाला तुम्ही काय म्हणता?"

"खण," रतन म्हणाला.

"त्याला विचारलं, खण कुणी नेला. तो म्हणाला, मी. कारकुनानं लिहिलं ड्रॉवर. बायकोला रिकाम्या ओटीनं कसं न्यायचं, म्हणून त्यानं कोनाड्यातला खण उचलला होता. त्याला वाटलं, ही सगळी धरपकड त्या खणासाठीच आहे."

"मागितला असता तर दिला असता मी," रंगूबाई म्हणाल्या.

"मागायला आला होता, बाई. तुम्ही ठाण्याला होतात."

सेशन जज्जानं महिपतला सोडलं. तुरुंगाच्या दाराशी रतन उभा होता. महिपत पार वाळला होता.

"शेवंतीचा दहावा कुणी केला?" त्यानं विचारलं.

त्या दिवसांत रतन त्याला चोर समजत होता. घरात बसून राहिला होता. घाटाकडे फिरकलाही नव्हता.

"कुणी नाही केला," तो म्हणाला.

दोघं कल्याणच्या रस्त्याला लागले. दहावा अजून व्हायचा होता.