अर्ध्या वाटेवरून परतलेले टट्टू

तीन टट्टू निघाले, तिन्ही पोचले, आणि तरीही काहीच पोचलं नाही. असं कसं?

केतकी पडद्याकडे बघतच राहिली. मंगळावरच्या त्यांच्या वस्तीत ओझी वाहणाऱ्या सहापायी यंत्रमानवांना सगळे टट्टूच म्हणत. पडद्यावर चाललं होतं ते सदृशीकरण (संगणकावरची नकली चाचणी). गरज मात्र खरी होती. खडक तपासायला गेलेली केतकीची आई दूरच्या दरीत अडकली होती. गाडी बंद, धुळीच्या वादळाने ऊन झाकलेलं, तंबूतली ऊब संपत आलेली. वादळ सरेपर्यंत तग धरायला तिला दोन विद्युतघट (वीज साठवणारे डबे) हवे होते.

"एका टट्टूवर चारच घट मावतात," केतकी रडवेली झाली, "आणि दरीपर्यंत जायलाच चार लागतात. म्हणून मी तिघांना पाठवलं. तर तिघांनी आपापले चार फस्त केले!"

"जास्त लाद की मग," आजोबा म्हणाले.

"धुळीत पाय रुततात."

दिगंबर आजोबा रॉकेटं बनवता बनवता म्हातारे झाले होते. अडकलेली आई त्यांची लेक होती. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तुझ्या पलंगावर इतक्या प्राचीन सेनापतींची चित्रं चिकटवलीस, त्यांना विचारलंस का?"

"आजोबा, ही काय लढायांची वेळ आहे?"

"लढायांची नाही गं, पोटाची. घोडा चारा वाहतो आणि वाटेत तोच खातो. घोडे वाढवले की तोंडंही वाढतात. अगदी तुझ्या टट्टूंसारखं! याला म्हणतात रसदीचा प्रश्न (सैन्याला अन्न, चारा, पाणी पुरवण्याचा). सिकंदराच्या वडिलांनी, फिलिपनं, सामानाच्या बैलगाड्या बंद केल्या आणि शिपायांच्याच खांद्यावर पीठ दिलं. सिकंदर तर पुढच्या मुलखाशी आधीच बोलणी करून धान्य तयार ठेवायला लावायचा."

"तो कधीच चुकला नाही?"

"चुकला. एका वाळवंटात रसदीच्या जहाजांची आणि त्याची गाठच पडली नाही. फार माणसं गेली. तरीही मला त्याचं कौतुक वाटतं. तलवार पुष्कळांना चालवता येते. हजारो माणसं उद्या काय खातील, हे आज ठरवून पाऊल टाकायला वेगळंच डोकं लागतं."

केतकी पुटपुटली, "पण आपल्या वाटेवर गावच नाही." तिनं शेंगदाण्यांचे घट केले, तीन झाकणांचे टट्टू. झाकणं सरकवली, दाणे उचलले, पुन्हा ठेवले. आणि एकदम ओरडली, "गाव नाही, तर टट्टूलाच गाव करू!"

"म्हणजे?"

"हे बघा. पाव वाटेवर प्रत्येकाचा एक घट संपला, तीन उरले. पहिला टट्टू दुसऱ्याला एक देईल, तिसऱ्याला एक. ते पुन्हा भरले! आपला उरलेला एक घेऊन पहिला घरी. अर्ध्या वाटेवर त्या दोघांकडे परत तीन-तीन. दुसरा तिसऱ्याला एक देईल आणि उरलेल्या दोनांवर परत येईल. तिसरा अर्ध्या वाटेवर, पाठीवर पूर्ण चार! दोन वाटेत लागतील..."

"आणि दोन माझ्या लेकीला," आजोबा हळूच म्हणाले.

भांडारप्रमुख फरीदाकाकू दाराशी येऊन ऐकत होत्या. "काल टट्टू पाठवायला मीच नाही म्हटलं होतं. तिन्ही टट्टू हरवले असते तर वस्तीला बर्फ कुणी आणला असता, पाणी कुठून आलं असतं? दोन परत येतात म्हणतेस? मग उभी काय राहिलीस, चल, लादायला हात लाव!"

टट्टू धुळीत दिसेनासे झाले. पहिला परतला. बऱ्याच वेळानं दुसरा आला, धुळीनं तांबडालाल. तिसऱ्याची मात्र काहीच खबर नव्हती. केतकीनं आजोबांचा हात घट्ट धरला.

मग संदेशयंत्र खरखरलं. "बाबा? केतू? टट्टू आलाय. ऊब सुरू झाली. मी बरी आहे गं!"

केतकी आधी रडली, मग हसली, मग धावत जाऊन परतलेल्या दोन्ही टट्टूंच्या पाठीवरची धूळ पुसू लागली.

"आजोबा, रॉकेटसुद्धा आपलंच इंधन वाहून नेतं ना? मग वाटेत अशीच ठाणी केली, तर गुरूच्या चंद्रांपर्यंत जाता येईल?"

"येईल की. कुठलं ठाणं कुठे ठेवायचं, ते मात्र तू ठरव."