पुसलेले चेहरे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मी सांगतो. पोलीस ॲक्शन होऊन बरीच वर्षं लोटली होती. औरंगाबादला एका वस्तुसंग्रहालयात मी नोकरीला होतो. जुन्या वस्तू पुसायच्या, जपायच्या, हेच काम. एका दुपारी गंगापूरकडची सखूबाई धनगरीण येऊन उभी राहिली.

"भाऊ, माझा बिरू तुमच्याकडं हाय."

बिरू तिचा लेक, रझाकारांच्या धामधुमीत मारला गेलेला. गेलेल्या माणसाचा चेहरा चांदीच्या पत्र्यावर उठवून त्याचा टाक करायचा आणि देव्हाऱ्यात बसवायचा, ही त्यांची रीत. टाक घरात नसला तर तो माणूस दाराशी उपाशी उभा राहतो, म्हणे. बिरूचा टाक तिच्या दिरानं शहागंजच्या बाजारात विकला, आणि तिथून इतर टाकांबरोबर तो आमच्याकडं आला.

पण आमचे साहेब म्हणजे दीडशहाणे! हळदीची पुटं घाण दिसतात म्हणून सगळे टाक त्यांनी तेजाबानं उजळून घेतले होते. नाकडोळे पार झिजून गेले. सखूबाई टाकांच्या पेटीवर वाकली, एकेकावरून बोट फिरवू लागली. मला तर बघवेना.

"ह्यातला माझा कोन्ता, भाऊ?"

काय सांगणार, कपाळ? शेवटी तिनं अंदाजानं एक उचलून पदरात बांधला. नोकरी गेली तर गेली म्हटलं, आणि तोंड फिरवलं.

काही दिवसांनी ती पुन्हा आली. वाळून निम्मी झाली होती.

"ह्यो दुसरीचाच लेक निघाला, भाऊ. दिवस मावळला का येऊन जेवाया बसतो. मला माय म्हनतो."

"मग आण इकडं तो टाक. दुसरा नेऊन बघ."

"लई भुकेला हाय त्यो... ताटावरून कसं उठवू?"

"आणि बिरू?"

"दाराशीच. रोज कडी वाजिवतो..."



"अगं मावशी, मग दार उघड की!"

"उठले व्हते..." तिनं हात पुढं केला. मनगटावर बोटांचे काळेनिळे वळ होते. "आतल्यानं धरलं. म्हनला, माय, उघडू नको... त्यो बिरू नाय. बिरू मी हाय."

 तिनं पदरानं ते वळ झाकले.

"बाहेरचाबी त्येच म्हनतो, भाऊ... आन् माझ्या लेकाचा आवाज कसा व्हता, त्योच मला आता आठवंना."