शेवटचं बटण

जिन्यावर बुटांचा आवाज आला आणि भिंगरीनं हातातला झाडू घाईघाईनं कपाटामागे लपवला.

"या, या! बसा त्या खुर्चीत."

दारातला तरुण गोंधळला. खांद्यावर पावसाचे चार थेंब, हातात चपटी बॅग, आणि ओठांवर येऊ की नको म्हणून अडलेलं हसू. "मी खरं तर—"

"नाव सांगू नका! आमच्याकडे आधी गोष्ट, मग नाव."

हा आत्याचा फतवा. लाँड्रीच्या वरच्या या एवढ्याशा खोलीत आत्या आणि भाची मिळून माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करत. इस्त्रीवाल्यांच्या, हमालांच्या, दुसऱ्यांची पोरं वाढवणाऱ्या बायकांच्या. ज्यांना आजवर कुणी 'तुमचं काय?' म्हणून विचारलं नव्हतं, त्यांच्या. नाव-गाव आधी विचारलं की ही माणसं कचेरीत उभी केल्यासारखी आखडून जात, मग गोष्ट कुठली निघायला! लाँड्रीवाले काका आज कुणालातरी पाठवणार होते. हाच तो, असं भिंगरीनं ठरवूनही टाकलं.

"लवकर आटपू या हं. थोड्या वेळात अनुदानवाले साहेब टपकतील. दरवर्षी सगळं बड्या संग्रहालयांना जातं, यंदा आमच्यासारख्या चिल्ल्यापिल्ल्यांची आठवण झालीय त्यांना. नाही मिळालं तर खोलीला कुलूप."

"कसे आहेत साहेब?"

"खडूस! पत्रात तीनदा 'उपरोक्त' लिहिलंय. असा माणूस कधी हसत असेल का?"

"छे, शक्यच नाही," तो म्हणाला आणि बॅग हळूच खुर्चीखाली सरकवली.

"म्हणून तर सगळा पसारा त्या पडद्यामागे कोंबलाय. कुणाला बोलू नका."

"ऐका, मी—"

पण भिंगरीनं यंत्राचं बटण दाबलंसुद्धा. लाल दिवा लागला. तो एकदा दिव्याकडे बघत राहिला, एकदा तिच्याकडे… आणि मग बोलायलाच लागला.

"माझे बाबा शिंपी. एकदा एक मुलगी कोट शिवून घ्यायला आली. बाबांनी सगळी बटणं पक्की लावली, शेवटचं तेवढं मुद्दाम सैल ठेवलं. ते तुटलं, ती परत आली. बाबांनी लावून दिलं. पुन्हा तुटलं, पुन्हा आली. हिवाळाभर हेच चाललं."

"हिवाळाभर! भलतेच लबाड हो तुमचे बाबा!" भिंगरी खुदकन हसली.

"सगळे असंच म्हणतात. पण—"

तो थांबला. खालून इस्त्रीची वाफ फुसफुसत वर आली, तिच्याबरोबर गरम कपड्यांचा वास आला. तिच्या चेहऱ्यावरची त्याची नजर काही हलेना.

"पण काय?"

"पुढचं… पुन्हा कधीतरी."

"असं अर्ध्यावर सोडतात का? बरं, आता नाव सांगा. आणि काम?"

त्यानं नाव सांगितलं. मग घसा खाकरला. "काम… उपरोक्त साहेब."

भिंगरीच्या पायाखालची जमीनच सरकली. तिनं कोपऱ्यात बसलेल्या आत्याकडे पाहिलं, तर आत्या पदरात तोंड खुपसून हसत होती. साहेबांनी मात्र काहीच घडलं नाही अशा थाटात पडद्यामागे डोकावून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि निघाले. जिन्याच्या वळणावर एकदा मागे वळून पाहिलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "तुमची फाइल मी सोडलीय. माझ्या जागी आमच्या ऑफिसातल्या मॅडम येतील."

"एवढं काय वाईट केलं हो आम्ही?" तिला रडू कोसळायचंच बाकी होतं.

"वाईट? अहो, उलट! मला त्या खोलीबद्दल… म्हणजे खोलीतल्या एका व्यक्तीबद्दल, आता एक ओळसुद्धा निःपक्षपातीपणे लिहिता येणार नाही. निकाल लागेपर्यंत मी फोनही करणार नाही. तसा नियमच आहे."

बोलणं संपल्यावर तिला त्याचा रागही आला आणि गालही तापले. "आत्या, आता गेलं बघ आपलं अनुदान!"

"ते जाईल नाहीतर येईल. तू उराशी धरलेला फोन आधी खाली ठेव."

मॅडम आल्या त्या खुर्चीत बसल्याच नाहीत. हसण्याचं तर नावच नको. भिंगरीनं या वेळी स्वतःच पडदा सर्रकन बाजूला केला. कॅसेटींची खोकी छतापर्यंत रचलेली, वरची ओल लागून फुगलेली.

"आहे हे असं आहे," ती म्हणाली. "कपाटाला पैसे नाहीत. पण यातला एकही आवाज दुसरीकडे कुठे मिळणार नाही."

मॅडमनी एक कॅसेट उचलली, हेडफोन कानाला लावला. एक म्हातारा हमाल पियानोसकट जिन्यात कसा अडकला, त्याची ती हकिगत. मॅडमचा चेहरा ढिम्म होता. मग त्यांचे खांदे हलू लागले. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "सुटला का शेवटी?" आणि उत्तराची वाट न बघता कॅसेटची दुसरी बाजू लावली.

मंजुरीचं पत्र आलं तेव्हा आत्यानं ते दोनदा वाचलं. कपाटं, दोन वर्षांचं भाडं, सगळं होतं त्यात. भिंगरीनं आत्याला उचलून गरकन फिरवलं.

त्याच संध्याकाळी जिन्यावर बूट वाजले. आज तिला झाडू लपवायचं भान नव्हतं.

"निकाल लागला," तो दारातूनच म्हणाला. "आता आलो तर चालेल ना?"

"गोष्ट अर्धी राहिलीय तुमची. बसा."

आत्याला नेमकं तेव्हाच लाँड्रीत काम निघालं. लाल दिवा लागला.

"बाबांनी बटण फक्त पहिल्या वेळी सैल लावलं होतं," तो म्हणाला. "पुढे दर वेळी दुहेरी दोऱ्यानं, घट्ट. लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर आईनं कबूल केलं… घरून निघताना ती स्वतःच दातांनी दोरा तोडायची."

भिंगरीला हसूही आलं आणि उगीच डोळेही भरले.

"आणि तुम्ही गोष्ट अर्धी का सोडलीत?"

"परत यायला काहीतरी निमित्त हवं होतं ना." त्यानं एकदा यंत्राकडे पाहिलं, मग धीर करून तिच्याकडे. "मला तुम्ही आवडता. फार आवडता. हे रेकॉर्डमध्ये गेलं तरी चालेल."

ती वाकून बराच वेळ यंत्र न्याहाळत राहिली. कानांपर्यंत लाल झाली होती.

"अगं बाई! हे तर रेकॉर्डच झालं नाही," ती म्हणाली. "तुम्हाला उद्या परत यावं लागणार. सगळं पुन्हा सांगायला… शेवटचं वाक्य तर नक्कीच."

लाल दिवा तिच्या बोटांशेजारी खुशाल जळत होता. त्यानं तो पाहिला, आणि ओठांवर अडलेलं हसू एकदाचं चेहराभर पसरलं.

"कितीला येऊ?" त्यानं विचारलं.