बावीतली निवटी

"पुतळे, ए पुतळे! बावीत निवटी हाय!"

शेजारचा रघू अंगणात धावत शिरला. पुतळी रांगोळीसाठी गेरू सारवत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही.

"खाडीच्या चिखलात उड्या मारणारी ही मासळी बावीत? थापा दुसरीकडे मार!"

"आईशप्पथ! चल तर खरं!"

पुतळी गेरूच्या हातांनीच धावली. मागोमाग दिवाळीच्या सुट्टीत रोह्याहून आलेली तिची मामेबहीण मालू! आणि खरंच, बावीच्या खालच्या पायरीवर एक निवटी बटाट्यासारखे डोळे वटारून बसली होती.

तांडेलाची बाव, ही पायऱ्यांची विहीर, म्हणजे पेणच्या खाडीवरच्या खारबंदराची शान! पूर्वी मीठ आणि भात भरून निघणारी गलबतं आधी हिचं पाणी घेत. बावीपासून धक्क्यापर्यंत जमिनीखालून दगडी पाट होता. धक्क्यावरचा धोंडा काढला की पाणी थेट पिंपात! रविवारी बंदर बघायला पाहुणे आले की पुतळी हे सगळं ऐटीत सांगायची. पण दसऱ्यापासून पाणी खारट झालं होतं, आणि आज दुपारी गावचे कारभारी हैबतराव, म्हणजे सगळ्यांचे नाना, बाव बुजवणार होते. पाहुण्यांच्या गाड्या उभ्या करायला जागा हवी ना!

पुतळीची आई, गोदूबाई, दिवसभर मिठागरात राबायची. बाव गेली तर संध्याकाळी तिला पार बांधापलीकडून हंडे आणावे लागणार.

"मे महिन्यात पाणी मचूळ झालं तर समजू," ती म्हणाली. "पण पावसाळा आत्ताच सरलाय!"

"निवटी काय उडत नाय आली," मालू म्हणाली. "ती जिथून आली, तिथूनच खारं पाणी येत असणार!"

"पाट!" तिघंही एकदम ओरडली.

धक्क्याच्या खालच्या पायऱ्यांवर पावसाळाभर शेवाळ असतं, त्यामुळे तिकडे कोणी फिरकत नाही. आज ती तिघं जपून उतरली. पाटाचं तोंड सताड उघडं! गलबत कोरलेला चौकोनी धोंडा गायब, आणि कडेला पहारीचे ताजे घाव!

"गलबताचा धोंडा?" मालूने कपाळावर हात मारला. "अगं, तो हैबतनानांच्या नव्या बंगल्याच्या दारात हाय! फराळ द्यायला गेले तेव्हा त्याच्यावरच पाय पुसले मी!"

"पण नाना कबूल होतील?" रघूने विचारलं.

पुतळीने आपल्या लाल हातांकडे पाहिलं आणि तिचे डोळे चमकले. आज अमावास्या. दुपारी उधाणाची भरती!

दुपारी मातीची लॉरी आली. गाव जमलं. हैबतराव मिशीवर हात फिरवत म्हणाले, "चला, करा रिकामी!"

"नाना, थांबा की!" मालू गोड आवाजात म्हणाली. "रोह्यात मैत्रिणींना सांगायचंय. तुमच्या दारातला गलबताचा धोंडा खरंच बंदरावरचा हाय?"

"मग काय खोटा? दसऱ्याला स्वतः पहारीने काढलाय! उगाच चिखलात पडला होता!"

पुतळीने हात हलवला. धक्क्यावर रघूने गेरूची बादली पाटात उपडी केली. भरती जोरात चढत होती. सगळे बघत राहिले. आणि बावीच्या भिंतीतून लाल पाण्याचा लोट बाहेर पडला!

"अगो बाय!" मिठागरातून नुकतीच आलेली गोदूबाई ओरडली. "बावीत गेरू कुठून आला गो?"

"धक्क्यावरून, आई! ओहोटीला आपलं गोडं पाणी खाडीत जातं आणि भरतीला खाडी बावीत येते. नाना, तुम्ही बावीचं बूच काढून पायपुसणं केलंत!"

सगळ्या गावाला हसू फुटलं. हैबतराव आधी लाल झाले, मग खाली मान घालून म्हणाले, "चुकलं पोरांनो. लॉरी वळवा रे! याच लॉरीतून धोंडा आणा."

ओहोटीला धोंडा पुन्हा जागेवर बसला, फटींत चिकणमाती थापली. नानांनी आपलाच पंप लावून बाव उपसली. रघूने निवटीला ओंजळीतून खाडीत सोडलं.

"अख्खं आयुष्य या बंदरावर गेलं माझं," नाना सगळ्यांसमोर म्हणाले, "पण बंदर कळलं ते या तिघांना. शाबास!"

पुढे कितीतरी वेळा बाव उपसली आणि पुन्हा झऱ्यांनी भरली. एका संध्याकाळी गोदूबाई मिठागरातून आली, तेव्हा पुतळी बावीवरच तांब्या घेऊन उभी होती. आईने मिठाने चरचरणारे हात धुतले, घोटभर पाणी तोंडात घेतलं आणि डोळे मिटले. पुतळीने श्वास रोखून धरला.

"गोडं हाय गो!" आई म्हणाली, आणि तिने उरलेला तांब्या घटाघटा रिकामा केला.