फरकाचा दिवा

"मानवजातीच्या इतिहासातलं सर्वांत धाडसी त्रिकूट आज सूर्यमालेच्या वेशीवर उभं आहे! एकटं, पण अजिंक्य!"

अशी घोषणा पृथ्वीवर दररोज दुपारी साडेचार वाजता टीव्हीवर होत असे. आजही झाली, तेव्हा ते अजिंक्य त्रिकूट 'अगस्ती' यानाच्या मोरीत गुडघे टेकून गाळणीतून निसटलेला एक स्क्रू शोधत होतं.

मुलांना मोहिमेची गोडी लागावी म्हणून त्यांच्यावर कार्टून काढलं होतं; घोषणा त्याच्याच सुरुवातीची. निघण्यापूर्वी पहिले तीन भाग तिघांना दाखवले गेले. त्यात यानप्रमुख विश्वंभर आगलाव्यांना निळी झूल आणि अठ्ठेचाळीस इंची छाती दिली होती. आगलावे "छान आहे" म्हणाले. ते सगळ्यालाच छान म्हणत.

त्रिकुटाची निवड मानसशास्त्रज्ञांच्या एका समितीने केली होती. समितीचं तत्त्व सरळ होतं: जो पृथ्वीवरच कुणात मिसळत नाही, त्याला नेपच्यूनपाशी एकटं वाटण्याचं कारण नाही. उष्णता अभियंता फिलोमिना डाबरे मूळच्या वसईच्या. त्यांनी पाच प्रयोगशाळा भांडून सोडल्या होत्या. मिरजेच्या मुनीर शिकलगारला जत्रेतल्या पाळण्यात बसलं तरी उलटी होई. तो यानचालक होता. आणि आगलाव्यांनी आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलं नव्हतं. त्यामुळे त्यांचं कुणाशी वैर नव्हतं, आणि तसं पाहिलं तर मैत्रीही नव्हती.

समितीचा अंदाज साफ चुकला. तिघांनाही भयंकर एकटं वाटत होतं. फक्त ते एकमेकांना सांगण्याइतकी ओळख अजून झाली नव्हती.

आगलाव्यांना एक आधार होता. दररोज दुपारी बारा वाजता बार्शीहून अक्का बोलत. आई गेल्यावर या थोरल्या बहिणीनेच त्यांना वाढवलं होतं. अक्का विचारत, "विशू, जेवलास का?" विशू म्हणे, "हो अक्का." जेवण झालेलं असो वा नसो, उत्तर तेच. नाही म्हटलं तर अक्का काळजी करत बसेल, हे त्याला सहाव्या वर्षापासून ठाऊक होतं.

त्या दिवशी बोलणं संपल्यावर आगलाव्यांचं लक्ष फलकावरच्या हिरव्या दिव्याकडे गेलं. त्यांनी नोंदी उलटून पाहिल्या आणि डाबरेबाईंना विचारलं, की हा चौदा महिन्यांत एकदाही कसा लागला नाही?

"लागेल कशाला?" डाबरे म्हणाल्या. "इथून पृथ्वीवर शब्द पोचायला सव्वाचार तास लागतात. अक्का 'जेवलास का' विचारणार हे आपल्या भाकीतयंत्राला आधीच ठाऊक आहे. मग तेच वाक्य इतक्या लांबून आणायचं कशाला? इथलं यंत्र त्यांच्या आवाजात विचारतं. तिथलं यंत्र तुमच्या आवाजात हो म्हणतं. माणूस यंत्राच्या अंदाजापेक्षा वेगळं बोलला, तरच खरा संदेश सुटतो. आपला सुटला की तांबडा दिवा, त्यांचा आला की हिरवा. वीज वाचते."

हे सगळं प्रशिक्षणात शिकवलं होतं. आगलाव्यांनी तेव्हाही मान डोलावली होती.

"म्हणजे चौदा महिने मी अक्काशी बोललोच नाही?"

"अक्कांच्या अंदाजाशी बोललात. बरोबर अंदाजाशी. किंवा..." डाबरे थांबल्या. त्या सहसा थांबत नसत.

मुनीर म्हणाला, "अक्कांना काही झालं असतं, तर दिवा लागला असता साहेब. यंत्र बोलतंय आणि बाई गप्प, हाही फरकच की."

"तिथलं यंत्र चालू असेल तर," डाबरे म्हणाल्या. "मोहीम गुंडाळून कुणी वायर काढून ठेवली असेल, तरी आपला दिवा असाच विझलेला राहील. तिथे सगळं जसंच्या तसं आहे आणि तिथे कुणीच नाही, या दोन्हींत इथून फरक दिसत नाही."

आगलावे त्या दिवशी जेवले नाहीत.

उपाय मुनीरने काढला: यंत्राला न सुचणारं काहीतरी बोलायचं किंवा करायचं. तांबडा दिवा लागला की खरा संदेश जाईल, आणि पलीकडे खरं माणूस असेल तर ते चमकून काहीतरी बोलेलच. डाबरेंनी नियंत्रण कक्षाला अर्धा तास अस्सल वसईच्या बोलीत शिव्या दिल्या. तांबडा दिवा ढिम्म. मुनीर हातांवर चालला, तसाच उलटा गायला आणि शेवटी ओकला. दिवा ढिम्म. यंत्राने हे सगळं आधीच धरलं होतं. विक्षिप्त माणसाइतका भरवशाचा माणूस नसतो. तो आपल्या विक्षिप्तपणाला एक दिवससुद्धा सुटी देत नाही.

चौथ्या दिवशी बारा वाजता अक्कांचा आवाज आला. "विशू, जेवलास का?"

आगलाव्यांसमोर खिचडीचं ताट तसंच होतं. त्यांनी ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

"नाही," ते म्हणाले.

तांबडा दिवा लागला.

मुनीरने खुर्ची घट्ट धरली. आगलाव्यांना आता थांबवत नव्हतं. "नाही अक्का, जेवलो नाही. चार दिवस घास उतरत नाही. इथे फार एकटं वाटतं गं. तू आहेस ना तिथे?"

यंत्रातली अक्का क्षणभर अडखळली आणि "बरं, जेवून घे हो" असं काहीतरी म्हणाली. त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

शब्द जायला सव्वाचार तास, यायला सव्वाचार. खिडकीत सूर्य एका प्रखर ठिपक्याएवढा दिसत होता. बार्शी त्याच्याच उजेडात कुठेतरी होती. डाबरे आगलाव्यांशेजारी येऊन बसल्या आणि साडेआठ तास एकदाही भांडल्या नाहीत. मुनीरने खिचडी तीनदा गरम केली. आपल्याही घरून कुणी खरं बोलत असेल का, हे दोघांनीही विचारलं नाही.

रात्रीचे पावणेनऊ वाजत आले आणि हिरवा दिवा लागला.

"आहेत," डाबरे म्हणाल्या आणि त्यांनी तोंड फिरवलं.

आवाज अक्कांचाच होता, पण यंत्रातल्यापेक्षा बराच थकलेला. मागे पंख्याची घरघर होती. हे यंत्राला सुचलं नव्हतं. आगलावे पुढे झुकले.

"कोण बोलतंय? आमचा विशू दुपारी बारालाच बोलला माझ्याशी. जेवला म्हणाला. तो रोज जेवतो, आणि नाही तर तो कधी म्हणतच नाही, लहानपणापासून. आवाज तेवढा त्याच्यासारखा काढताय, पण म्हातारीची अशी थट्टा करू नये." मागे कुठलंसं जोशपूर्ण संगीत सुरू झालं. "आणि आता फोन ठेवा बघू. साडेचार वाजले. टीव्हीवर आमचा विशू येईल."